गोठ्यातलं भाषांतर आणि निळ्या-लाल काचा

आइसलँडला आलेली आपली मंडळी गेसिरचं उकळतं पाणी आणि गुल्फॉसचा धबधबा बघतात, पण त्याच भागातलं स्काउलहोल्ट बहुतेकांचं राहून जातं. मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते, गाडी तिकडे वळवाच. शेतांच्या मधोमध एक पांढरं ल्यूथरपंथी चर्च उभं आहे, म्हणजे सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरच्या मागे कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती पंथाचं.

1056 मध्ये देशाचा पहिला बिशप इथे राहू लागला आणि पुढे सातशेहून अधिक वर्षं हे धर्मपीठ होतं. सोळाव्या शतकात, कॅथलिक बिशपच्या पदरी असलेल्या ओद्दुर गॉत्स्काउल्कसोनने बायबलचा नवा करार आइसलँडिकमध्ये उतरवला. तेही चोरून, गोठ्यात बसून, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. 1540 मध्ये तो डेन्मार्कमध्ये छापला गेला. त्या भाषेतलं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं छापील पुस्तक तेच. दहा वर्षांनी, 7 नोव्हेंबर 1550 रोजी, ल्यूथरच्या नव्या पंथाला विरोध करणारा शेवटचा कॅथलिक बिशप योन आरासोन याचा दोन मुलांसह इथेच शिरच्छेद झाला. त्या जागी स्मारकशिळा आहे. तिथे थांबल्यावर, ल्यूथरच्या या चळवळीला म्हणतात तो धर्मसुधारणा हा शब्द मला पूर्वीइतका सोपा वाटत नाही.

1784 च्या भूकंपाने इथली वास्तू मोडली आणि बिशपचं ठाणं रेक्याविकला गेलं. आताचं चर्च 1963 चं. त्याच्या खिडक्या शिल्पकार गेर्दुर हेल्गादोत्तिर हिच्या. संतांची चित्रं, बायबलमधले प्रसंग असं काही शोधायला जाल तर हाती लागतात गडद निळे-लाल भौमितिक आकार. ल्यूथरपंथाला चित्रांचं वावडं होतं म्हणून असं झालं, हे काही खरं नाही. 1522 मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये मूर्ती-चित्रं फोडणाऱ्यांना खुद्द ल्यूथरनेच आवरलं होतं. मला कारण वेगळं वाटतं. जुन्या चर्चमधल्या काचा वाचता न येणाऱ्यांना गोष्ट सांगत. इथे गोष्ट गोठ्यातून निघून घराघरांत वाचली गेली होती, म्हणून काचेला नुसता उजेड होता आला. ख्रिस्त आहे तो वेदीमागे, नीना त्रिग्वादोत्तिरच्या मोझॅइकमध्ये, हात पसरलेला.

ऊन असताना जा, म्हणजे पांढऱ्या भिंतींवर रंग उतरलेले दिसतील. आणि तळघर चुकवू नका. 1211 मध्ये वारलेल्या बिशप पाउल योनसोनची, 1954 च्या उत्खननात सापडलेली दगडी शवपेटी तिथेच आहे.