एवढ्या उन्हात कसं राहताय, असं विचारता म्हणून

दसऱ्याला पालख्यांची शर्यत बघायला सांगली जिल्ह्यातल्या आमच्या विट्यात आलो की स्टँडपासून घरापर्यंत चौघं तरी थांबवून विचारतात, ‘जोधपुरात पन्नास डिग्रीत कसं राहताय? आता टेंभू उपसा योजनेचं पाणी आलंय, या की परत.’ पंचवीस वर्षं मी ‘सवय झाली’ म्हणून वेळ मारून नेली. ते खरं नाही. उन्हाची सवय होत नाही. उन्हात कसं वागायचं याची होते, आणि ते मी एकदा मोडलं.

खानापूर-आटपाडीतली घरं दुष्काळामुळे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ती वितळवून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, देशभर पांगली, हे तुम्हाला मी नव्याने सांगायला नको. उन्हाचं मात्र सांगतो.

पन्नास डिग्री रोज नसतं. मे महिन्यात ४२-४४ नेहमीचं. ५१ झालं ते फलोदीला, १९ मे २०१६ रोजी, आणि ती देशातली सगळ्यात मोठी नोंद आहे. फलोदी आमच्यापासून शंभर-दीडशे किलोमीटरवर. जोधपूरचं ऊन कोरडं. घाम येतो पण दिसत नाही, आल्या आल्या वाळतो. संध्याकाळी शर्ट काढला की पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे. हवा कोरडी म्हणून कूलर झकास चालतो, पावसाळ्यात दमट झाली की तोच कूलर नुसता चिकचिक करतो. जुन्या शहरात दगडी भिंती, अरुंद गल्ल्या. दुपारी कुणी बाहेर पडत नाही. ताकातली बाजरीची राबडी, कैरीचं पाणी, रात्री गच्चीवर पाणी मारून अंथरूण. ऐन उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवतात, त्याला तिकडे नहरबंदी म्हणतात. तेव्हा पाणी जपून. टँकरमागे हंडे घेऊन पळालेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही.

पण आमचं दुकान म्हणजे भट्टी. चांदी ९६२ अंशांना वितळते, सोनं १०६४ ला. मुशीवर, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यावर, ज्योत धरलेली असताना पंखा लावता येत नाही.

२०१६ चा तोच आठवडा. मार्च-एप्रिलमध्ये अबकारी करावरून सराफांचा देशभर बंद होता, महिनाभराहून जास्त भट्टी थंड होती. दुकानाचं भाडं थकलं होतं. काम सुरू झालं तसं मी वेळ बघणं सोडलं. धाकट्या चुलतभावाला गावाहून आणून बारा दिवस झाले होते. एकोणीस वर्षांचा. दुपारी दोनच्या सुमाराला तो म्हणाला, ‘दादा, डोकं दुखतंय.’ मी म्हणालो, ‘एवढी मूस ओतू, मग जेवू.’ ती ओतली. पुढची लावली. तो चिमटा हातात धरून भट्टीकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, ‘म्हशी सोडायच्या राहिल्या.’ मला वाटलं, कामाचा कंटाळा आलाय. मी ओरडलो. ‘नाटकं बंद कर,’ हेच शब्द. मग तो भिंतीला धरून खाली बसला. कपाळाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठक्क.

शेजारचा मारवाडी कारागीर धावत आला. त्याने विचारलं नाही, सांगितलं नाही. पिण्याचा माठ त्याच्या अंगावर रिकामा केला, ओली गोणपाटं गुंडाळली, गल्लीतला कूलर ओढून आणला. मी अजून हातात मूस धरून होतो.

दवाखान्यात नऊ दिवस. वाचला.

तेव्हाचा मी आजही भांडतो. म्हणतो, मीही त्याच भट्टीपुढे उभा होतो की. होतो. पण माझे सोळा उन्हाळे झाले होते, त्याचे बारा दिवस. अंगाला ताप सोसायला शिकवायचं तर आधी थोडं थोडं काम द्यावं लागतं, हे मला माहीत होतं. भाड्याचं कारण खरं होतं, आणि तरी ते पुरत नाही.

काकूंना मी ‘ऊन बाधलं’ एवढंच सांगितलं. डोकं दुखतंय म्हणाला होता, हे सांगितलं नाही. आज इथे पहिल्यांदा लिहितोय.

मग परत का येत नाही? तिथला सराफ माझ्यासमोर सोनं ठेवून पावती न मागता निघून जातो. तो विश्वास गाडीत घालून आणता येत नाही. पोरांच्या शाळा तिथे. इथे दोन एकर, तीही वाटणीची. ही कारणं मी मनाशी कितीदा तरी म्हटली आहेत. कधी पटतात, कधी नाही.

तो चुलतभाऊ आता टेंभूच्या पाण्यावर द्राक्षबाग करतो. दहाच्या आत रानातून घरी येतो, ऊन सोसत नाही. चहा घेताना त्याचा कप बशीवर वाजतो. तुम्ही सगळे विचारता, तो कधीच ‘कसं राहताय’ म्हणत नाही. गेल्या दसऱ्याला एवढंच म्हणाला,

‘भट्टी किती वाजता पेटवता आता?’

‘मे महिन्यात पहाटे चारला. दहाला बंद.’

‘बरं,’ म्हणाला, आणि कप दोन्ही हातांनी धरून खाली ठेवला.