तुम्ही विचारलंत म्हणून: तंबू सगळ्यात शेवटी

"मास्तर, पोरगं चार दिवस डोंगरात जातो म्हणतंय. तंबू कितीला पडतो?"

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की हा प्रश्न मला हमखास येतो. कुणी कारखान्याच्या दारात स्कूटर उभी करून विचारतं, कुणी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून. मी काही गिर्यारोहक नाही. सोलापुरात शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे, आणि माझे गुडघे असे की सिद्धेश्वराच्या तळ्याला एक फेरी मारली तरी दोन ठिकाणी बसावं लागतं. पण माझी लेक सतराव्या वर्षापासून सह्याद्रीत हिंडते आणि तिचं पहिलं सगळं सामान मी चुकीचं घेतलं होतं. त्या चुकांवर आता गल्लीतल्या पोरांचं भागतंय.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तंबू घेऊच नका, निदान पहिली दोन वर्षं तरी. आपल्या डोंगरात मुक्काम बहुतेक वेळा गावातल्या ओसरीवर, देवळात नाहीतर लेण्यात होतो. हरिश्चंद्रगडावर तर आसपासच्या वाड्यांतली माणसं जेवणही देतात आणि तंबू भाड्यानेही देतात. गडावर मुक्कामाला परवानगी आहे का, तेवढं निघण्याआधी विचारून घ्यायचं. हिमालयातल्या कॅम्पला पाठवत असाल तर तंबू आणि स्लीपिंग बॅग बहुधा तिकडचीच असते. मग तीन-चार हजारांचा आणि तीन किलोचा तंबू घेऊन करायचं काय? आमच्या समोरच्या घरात एक आहे. उन्हाळ्यात गच्चीवर त्यात पापड वाळवतात.

पहिला पैसा बुटांना. यात फार बोलण्यासारखं नाही. महागडे परदेशी बूट नकोत. ॲक्शनचे ट्रेकिंगचे बूट घालून निम्म्या महाराष्ट्राने गड पालथे घातलेत. फक्त संध्याकाळी जाऊन घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. जाड मोजे घालून बघा आणि पुढे बोटभर जागा ठेवा. ती नसली की उतारावर अंगठे बुटावर आपटतात आणि नखं काळी पडतात. वाढत्या वयाचं पोरगं असेल तर अर्धा नंबर मोठाच घ्या. आणि निघायच्या आदल्या दिवशी डबा उघडू नका, दोन-तीन आठवडे गावात घालून फिरू द्या. सोलापुरात चढ म्हणावा असा उड्डाणपूलच, पण जिने तर आहेत.

आता सॅक. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण इथे माझी अब्रू गेली होती.

लेकीचा पहिला मोठा ट्रेक रतनगड ते हरिश्चंद्रगड, तीन दिवसांचा. मी मोबाइलवर बघून 899 रुपयांत सत्तर लिटरची सॅक मागवली. निळीशार, अंगावर आठ खिसे, वर 'वॉटरप्रूफ' असा शिक्का. दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीच्या चढावर डाव्या खांद्याचा पट्टा मुळातून उपसून आला. मैत्रिणीच्या ओढणीने बांधून तिने ती हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईपर्यंत ओढली. घरी आल्यावर काही न बोलता सॅक माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवली आणि आंघोळीला गेली.

मी ती उसवून बघितली. कापड 600 डेनियरचं, चांगलं जाड. डेनियर म्हणजे 9000 मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन, हे सोलापूरकराला सांगायला नको. पण पट्ट्याची निवार शिवणीत जेमतेम पाव इंच घुसवलेली, त्यावर एकच सरळ शिलाई, आणि इंचाला पाच टाके. आतली कड कच्ची, तिच्यावर पायपिंगची पट्टी नाही, त्यामुळे सुतं निसटत गेली. पहिलीतल्या पोराचं दप्तर आम्ही याहून पक्कं शिवतो. वीस वर्षं शिवणीत काढलेल्या माणसाने सॅक आतून उलटी करून बघितली नव्हती, आठ खिसे मोजत बसला होता.

म्हणून आता दुकानात गेलात की सॅक आधी उलटी करा. खांद्याचा पट्टा जिथे पाठीला मिळतो तिथे चौकोनात फुलीची शिलाई आहे का, निदान बारटॅकचे आडवे दाट टाके आहेत का, ते बघा. नसतील तर ती सॅक परत खुंटीला. मग चेन लावा-उघडा, कोपऱ्यावर रनर अडकायला नको. लिटरच्या आकड्याला भुलू नका. तीन-चार दिवसांना पन्नास लिटर भरपूर होतं. सत्तरची घेतली की आई त्यात सत्तर लिटरचंच सामान भरते. आमच्याकडे तर फराळाचा डबाच आख्खा गेला होता.

माप उंचीवर घेऊ नका, पाठीवर घ्या. पोराला मान खाली घालायला सांगा. मानेमागे जे हाड वर येतं तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावा. उंच पोरांची पाठ कधी कधी आखूड असते, सगळी उंची पायांत. पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारी सॅक मिळाली तर वाढत्या वयाला तीच बरी. आणि कमरेचा पट्टा रुंद आणि भरीव हवा. ओझं खांद्याने उचलायचं नसतं, ते कमरेवर बसवायचं असतं. दुकानात पाच-सहा किलो भरून, पट्टा आवळून दहा मिनिटं चालायला लावा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या. मी दुसऱ्यांदा घेतलेली सॅक सत्तावीसशेची, सहावं वर्ष चालू आहे.

वॉटरप्रूफचा शिक्का विसरून जा. कापडातून नाही आलं तरी शिवणीतून आणि चेनमधून पाणी आत येतंच. शेतातल्या पाहुण्यांकडून खताच्या पोत्यातली आतली प्लास्टिकची पिशवी मागून घ्या, दोन-तीनदा धुवा, सॅकच्या आत ती घाला आणि सामान तिच्यात भरा. खर्च शून्य.

झोपण्याचं प्रकरण वेगळंच. "सोलापूरचे तुम्ही, आणि चादर सोडून स्लीपिंग बॅग?" असं मला नेहमी ऐकवतात. अहो, पहिल्या ट्रेकला चादरच दिली होती. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चादर, आणि आपली म्हणून जरा जास्तच अभिमानाने दिली. किराणावाल्याच्या काट्यावर ती एक किलो सातशे भरली होती. दवाने ओली झाल्यावर किती झाली असेल, देव जाणे. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि डोंगरात वाळत नाही. लेक रात्रभर कुडकुडली. पण तिने सांगितलेली गोष्ट मला महत्त्वाची वाटली: "बाबा, वरून नाही, खालून गार लागत होतं." दगडाची फरशी अंगातली ऊब ओढून घेते. वर दोन चादरी घातल्या असत्या तरी तेच झालं असतं.

म्हणजे आधी खाली घालायचं घ्या. आठ-दहा मिलिमीटरची फोमची मॅट, पाचशेच्या आसपास मिळते. गादीवाल्याकडचा स्पंज नको, तो पाणी पितो. शंका असेल तर एक तुकडा बादलीत दाबून सोडा. पिळल्यावर पाणी निघालं तर तो आपल्या कामाचा नाही. मॅट सॅकच्या बाहेर बांधली तरी चालते आणि दुपारी बसायलाही होते.

स्लीपिंग बॅग पहिल्या खेपेला भाड्याने किंवा मागून आणा. घ्यायचीच झाली तर लेबलवर बहुतेक दोन तापमानं असतात. दुकानदार खालचा, भारी वाटणारा आकडा दाखवतो. त्या आकड्याला माणूस अंग आखडून कशीबशी रात्र काढतो. 'कम्फर्ट' लिहिलेला आकडा बघा. सह्याद्रीतल्या हिवाळ्याला दहा अंशांचा कम्फर्ट साधारण पुरतो. आणि घरी आल्यावर ती थैलीत कोंबून माळ्यावर टाकू नका, आतलं भरण बसतं. सैल टांगून ठेवा. मी लेकीला आजीच्या जुन्या मलमलच्या साडीची आतली खोळ शिवून दिली. खोळ धुता येते, बॅग धुवावी लागत नाही, आणि थोडी ऊबही वाढते.

कपड्यांना एक पैसा घालू नका. जीन्स घरी. शाळेच्या पीटीची ट्रॅक पँट असते ना, सुपर पॉली म्हणजे पॉलिस्टरच्या कापडाची, ती झटकली की वाळते. स्टीलची बाटलीही घरी ठेवा. ती रिकामीच जड असते. कोल्ड्रिंकच्या लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या तेच काम करतात. डोक्याला लावायची बॅटरी मात्र घ्या, हातातली नको, चढताना दोन्ही हात लागतात.

गॅसची शेगडी आणि गॅसचा डबा घेऊ का, असंही पोरं विचारतात. सोलापूरचं पोरगं पुण्यापर्यंत रेल्वेने जाणार, आणि गाडीत ज्वालाग्राही माल नेणं हा गुन्हा आहे, तेव्हा तो विषय तिथेच संपतो. नाहीतरी आपल्याला चूल कशाला हवी? कडक भाकरी आणि शेंगाचटणी चार दिवस काय, पंधरा दिवस टिकते. भाकरीचा चुरा झाला तरी दह्यात कालवून खाता येतो. पाचनईत एका मावशींनी ताक दिलं, तर लेकीच्या ग्रुपमधल्या पुण्याच्या पोरांनी आमचीच भाकरी संपवली.

सगळं भरून झालं की सॅक काट्यावर ठेवा. पाण्यासकट वजन पोराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये. पन्नास किलोच्या पोराला दहा किलो, आणि त्यातले दोन पाण्याचेच. जास्त भरलं तर पोरालाच काढायला सांगा. तुम्ही काढायला बसलात तर तुम्ही मॅट काढाल आणि फराळ ठेवाल.

आणि जुनी सॅक कुणाची मिळत असेल तर नवी घेऊ नका. दुपारी दोन ते तीन आमच्याकडे मशिनी बंद असतात, तेव्हा घेऊन या. पट्टे उसवून 18 नंबरच्या सुईने, नायलॉनच्या धाग्याने फुलीची शिलाई मारून देतो. पैसे नकोत. फक्त सॅक धुऊन आणा. मागच्या महिन्यात एकाने आणली, तिच्या खिशात मागच्या वर्षीचं उकडलेलं अंडं होतं.