जपानी शिकताना आजी आठवते

परवा क्लासमधली एक मुलगी विचारत होती, दादा एन थ्रीला नक्की किती कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, पाठ करायला लागतात? पुण्यात जुलै-डिसेंबरची जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, जवळ आली की हाच प्रश्न. एन थ्री ही तिची मधली पातळी. मी आकडा सांगणार होतो पण मला माझंच आठवलं.

एन थ्री झाल्या झाल्या नोकरी लागली, जपानी क्लायंटसोबत कॉल आणि मी टीमचा दुभाषा. डिलिव्हरी एक आठवडा पुढे ढकलायची होती. मी बोलतोय आणि पलीकडून सारखं हाय, हाय, हाय. हाय म्हणजे हो, हे तर पहिल्याच धड्यात असतं. शेवटी ते म्हणाले, "चोत्तो मुझुकाशीई देसु ने", म्हणजे जरा अवघड आहे. मी मॅनेजरना सांगून मोकळा, अवघड आहे म्हणतायत पण चालेल त्यांना. चार दिवसांनी मेल आला, तारीख कधीच मान्य नव्हती, आणि माझ्यामुळे अख्खी टीम दोन रात्री ऑफिसात. ते अजून मनाला लागतं.

सेन्सेईंनी, म्हणजे जपानीच्या शिक्षकांनी, नंतर नीट समजावलं. ते हाय म्हणजे नुसतं 'ऐकतोय, पुढे बोला'. त्याला आयझुची म्हणतात, मूळ शब्द लोहारकामातला, उस्तादाच्या घणामागोमाग साथीदारानं आपला घण घालायचा तसा. मला एकदम आजी आठवली, गोष्ट सांगताना आम्ही 'हं' म्हटलं नाही की ती थांबायचीच. आणि मुझुकाशीई म्हणजे सरळसरळ नकार! आपल्याकडे स्थळाला 'पत्रिका जुळत नाही' असं कळवतात तेव्हा कोणी पत्रिका परत तपासायला जातं का? मला हे मराठीत कळत होतं, जपानीत मात्र मी डिक्शनरी धरून बसलो होतो. जेएलपीटीत बोलायची परीक्षाच नसते, त्यामुळे पास होऊनही हे सगळं राहूनच जातं.

दुसरा प्रसंग जेवतानाचा. फोन आला म्हणून मी चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचल्या आणि उठलो. परत आलो तर सेन्सेईंनी त्या काढून आडव्या ठेवल्या होत्या, काही न बोलता. भातात उभ्या चॉपस्टिक्स मृतासाठी ठेवलेल्या भातात असतात. दहनानंतर नातेवाईक चॉपस्टिक्सनीच अस्थी उचलतात, एकाकडून दुसऱ्याकडे देतात, म्हणून जेवताना कोणाला घास चॉपस्टिक्समधून चॉपस्टिक्समध्ये द्यायचा नाही. मी आजोबांच्या अस्थी गोळा केल्यात, राखेत हात घालून. मला आणखी सांगायची गरज नव्हती. झोपताना उत्तरेला डोकं नको हेही तिकडे पाळतात कारण मृताला तसं ठेवतात, आणि आमची आजी अंथरूण घालताना दिशा बघितल्याशिवाय उशी टाकू द्यायची नाही.

मग मी वही बदलली. प्रत्येक शब्दापुढे अर्थ लिहायचा नाही, आपल्या घरात हे कोण, कोणाला, कधी म्हणतं ते लिहायचं. नसेल तर जागा रिकामी. जेवणाआधी म्हणायच्या 'इतादाकिमासु'पुढे 'वदनी कवळ' लिहिलं होतं, नंतर खोडलं, कारण तिथे देवाचं नाव नाही, जे मिळालंय ते नम्रपणे घेतो एवढंच आहे.

ती वही त्या मुलीला दिली. तिनं पहिलंच पान उघडलं, तिथे 'इत्तेकिमासु' होतं, घरातून निघताना म्हणायचं, शब्दशः 'जाऊन येतो'. तिनं वाचलं आणि म्हणाली, अरे, माझी आई पण 'जाते' म्हणू देत नाही, 'येते' म्हण म्हणते.