बाळ घरी, आई विमानात

सात महिन्यांच्या लेकीला सासूबाईंजवळ ठेवून मी ऑफिसच्या कामासाठी न्यू जर्सीहून डेन्व्हरला जाऊन आले, हे कळल्यावर सांगलीहून सगळ्यांचा एकच प्रश्न आला: "अगं, पण अजून अंगावर पिते ना ती?" हो, पिते. फोनवर याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून इथे लिहितेय.

बाळ जवळ नसलं तरी दूध यायचं थांबत नाही. तीन-चार तासांत काढलं नाही तर छाती दाटते, गाठी होतात, कधी तापही भरतो. असं वारंवार झालं तर दूध आटायला लागतं. म्हणून लेकीच्या पिण्याच्या वेळांना मी पंप लावत होते, मीटिंगमधून उठून जाऊन. २०२२च्या शेवटी इथे झालेल्या 'पंप' कायद्यानुसार बाळ वर्षाचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळात दूध काढायला सवड आणि आडोशाची जागा मिळायला हवी, आणि ती जागा बाथरूम असून चालत नाही. पण अशा कायद्याची इथे इतकी निकड का, तेही ऐका. भारतात २०१७पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात आहे ती १२ आठवड्यांची, तीही बिनपगारी आणि सगळ्यांना लागू नसलेली. पितं मूल घरी ठेवून इथल्या बायका हौसेनं बाहेर पडत नाहीत.

मला धास्ती होती ती विमानतळाची. हातातल्या सामानात १०० मिलिलिटरच्या वर द्रव नेता येत नाही, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. अमेरिकेत आईच्या दुधाला तो नियम लागू नाही, आणि बाळ सोबत असण्याचीही अट नाही. बर्फाच्या पिशव्याही चालतात. फक्त तपासणीच्या आधी स्वतःहून सांगायचं आणि दूध वेगळं काढून ठेवायचं. बाटली उघडायला किंवा एक्स-रेमधून न्यायला नको असेल तर तसंही सांगता येतं. मग वेगळी तपासणी होते. मी नियमाचं पान छापून जवळ ठेवलं होतं. मोठ्याने, न लाजता सांगा, एवढंच माझं म्हणणं. आपण चोरून काही नेत नसतो, लेकराचं जेवण नेत असतो.

२०१८च्या कायद्यानं मोठ्या विमानतळांवर दूध काढायला स्वतंत्र खोली ठेवणं बंधनकारक झालं: आतून कडी, खुर्ची, टेबल, विजेचा प्लग. आपल्या एसटी स्टँडांवरच्या हिरकणी कक्षाची मला तिथे आठवण झाली. तिथेही अशीच कडी आणि प्लग असलाच पाहिजे, हा हट्ट आपण धरायला हवा.

घरी सासूबाईंची शंका वेगळीच होती: गोठवलेलं दूध तान्ह्या पोराला बाधणार नाही का? मी त्यांना शीवच्या हॉस्पिटलातल्या दूधपेढीबद्दल सांगितलं. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये सुरू केलेली ती आशियातली पहिली. तिथे तर एका आईचं दूध निर्जंतुक करून, गोठवून, दुसरीच्या अशक्त बाळाला देतात. मग त्यांचं मन निवांत झालं. मायक्रोवेव्ह वापरायचा नाही, पिशवी कोमट पाण्यात धरायची, आणि फ्रीजमध्ये ठेवून वितळवलेलं दूध २४ तासांच्या आत संपवायचं, हे सगळं त्यांनी माझ्यापेक्षा काटेकोर पाळलं.

ताजं दूध फ्रीजमध्ये चार दिवस राहतं आणि बर्फ घातलेल्या थंड पिशवीत २४ तास, त्यामुळे डेन्व्हरचं सगळं दूध घरी आलं. हॉटेलातल्या मिनीबारवर मात्र विसंबू नका, तो पुरेसा थंड नसतो. खोलीत फ्रीज हवा असं बुकिंग करतानाच सांगा आणि बर्फाच्या पिशव्या रात्री त्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवायला द्या. लंडनहून प्रवास करणार असाल तर नियम वेगळा आहे: तिथे द्रव दूध हातातल्या सामानात चालतं, गोठवलेलं चालत नाही. ते चेक-इनच्या बॅगेतच टाकावं लागतं.