बॉस्टनमध्ये फिलिस व्हीटलीच्या मागावर

बॉस्टनमधली ऐतिहासिक ठिकाणं जोडणाऱ्या फ्रीडम ट्रेलच्या लाल रेघेवरून चालत राहिलं, तर अठराव्या शतकातली ही गुलाम कवयित्री जेमतेम भेटते. म्हणून सुरुवात चायनाटाउनमधल्या बीच स्ट्रीटवरून केली. १७६१च्या जुलैमध्ये सात-आठ वर्षांच्या या मुलीला पश्चिम आफ्रिकेतून आणून इथल्या धक्क्यावर उतरवलं. जहाजाचं नाव 'फिलिस', तेच तिला चिकटलं. धक्का शोधू नका. भराव घालून समुद्र केव्हाच मागे सारलाय.

चालत दहा-पंधरा मिनिटांवर ओल्ड साउथ मीटिंग हाउस. तिकिटातच ओल्ड स्टेट हाउसही येतं. इथे घाई नको. १७७१मध्ये ती या चर्चची सभासद झाली. १६ डिसेंबर १७७३ची, ब्रिटिशांच्या चहावरील कराविरोधातली सभाही इथलीच; त्याच रात्री जहाजांवरचा चहा समुद्रात फेकला गेला. ज्या जहाजांवर तो चहा होता त्यांपैकी एक 'डार्टमथ', त्यातूनच लंडनला छापलेल्या तिच्या कवितासंग्रहाच्या प्रती आल्या होत्या. नुकतीच गुलामीतून सुटलेली, विक्रीतला निम्मा वाटा तिचा. कुणी परस्पर छापलं तर आपलं उत्पन्न बुडेल, असं तिने १८ ऑक्टोबरच्या पत्रात बजावलंय. चहा पाण्यात गेला, पुस्तकं मात्र बचावली.

पाच मिनिटांवरच्या ग्रॅनरी स्मशानभूमीत स्वातंत्र्यलढ्यातला नेता जॉन हॅनकॉक याची कबर आहे. कविता फिलिसच्याच, अशी ग्वाही देणाऱ्या १८ जणांपैकी एक! तिची कबर मात्र तिथे शोधू नका, कुठे पुरलं त्याची खूणच उरलेली नाही. स्टेट आणि किल्बी स्ट्रीटच्या कोपऱ्यावर तिच्या मालकाचं घर होतं. आता तिथे पाहण्यासारखं काही नाही.

पुढे मेट्रोच्या ग्रीन लाइनने हाइन्स स्टेशन. बी, सी किंवा डी गाडी घ्या. ई कोपलीनंतर वळते, फसायला होतं. कॉमनवेल्थ अव्हेन्यूवर फेअरफील्ड आणि ग्लॉस्टर स्ट्रीटच्या मध्ये २००३चं स्त्री-स्मारक आहे. तिच्यासह तिघींचे पुतळे चौथऱ्यावरून खाली उतरलेत आणि चौथरेच टेबलासारखे वापरतात. जाण्याआधी तिचं ११ फेब्रुवारी १७७४चं मोहेगन या मूलनिवासी जमातीतला धर्मोपदेशक सॅमसन ऑकमला लिहिलेलं पत्र वाचा. स्वातंत्र्याच्या घोषणा देत गुलाम बाळगणाऱ्यांना तिने त्यात चांगलंच सुनावलंय.

मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूवरून १ नंबरची बस थेट हार्वर्ड स्क्वेअरला नेते. तिथून दहा मिनिटांवर १०५, ब्रॅटल स्ट्रीट: सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनचं तेव्हाचं मुख्यालय. ऑक्टोबर १७७५मध्ये तिने त्याला कविता पाठवली. त्यात देश 'कोलंबिया' देवी होऊन येतो, तेही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या आठ-नऊ महिने आधी. स्वतः गुलाम बाळगणाऱ्या सेनापतीने फेब्रुवारीत 'मिस फिलिस' असं संबोधून उत्तर धाडलं, भेटीचं आमंत्रणही दिलं. ती भेट झालीच, असं ठासून सांगणारे भेटतील. पण त्या भेटीचा तत्कालीन पुरावा नाही. हिवाळ्यात घर आतून पाहता येत नाही, त्यामुळे निघण्यापूर्वी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर वेळा बघा.