सायक्लोक्रॉस, गावठी गटातून

निकाल आधीच सांगून टाकतो: 71 जणांत 64वा. माझ्या मागे राहिलेल्या सातांपैकी दोघांनी शर्यत अर्ध्यात सोडली होती, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

स्थळ, इंग्लंडातल्या लीड्सच्या दक्षिणेचा एक कंट्री पार्क. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार, तापमान 6 अंश, आदल्या रात्री धो धो पाऊस. वय 43, म्हणजे मी इथल्या हिशेबानं ‘व्हेटरन’. सायकल सेकंडहँड, अॅल्युमिनियमची, पॅडलपाशी एकच दातेरी चक्र. या खेळाशी ओळख टीव्हीवरची. लीड्सच्याच टॉम पिडकॉकनं 2022 साली अमेरिकेत जागतिक अजिंक्यपद मिळवलं आणि सीटवर आडवा पडून सुपरमॅनसारखा अंतिम रेषा ओलांडून गेला, ते पाहून डोक्यात किडा शिरला. पुढे कळलं की 1992ची जागतिक स्पर्धा लीड्सलाच झाली होती. म्हणजे मी बारा वर्षं या खेळाच्या गावात राहत होतो आणि पत्ताच नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गवत, चिखल, झाडांची मुळं, तिरप्या उतरणी असा अडीच-तीन किलोमीटरचा फेरा असतो. मध्ये लाकडी फळ्या आडव्या लावलेल्या, फार तर 40 सेंटिमीटर उंच. एखादा चढ इतका उभा की उतरून पळावंच लागतं. शर्यत अंतरावर नसून वेळेवर असते. आमच्या गटाला साधारण 50 मिनिटं होती. पुढच्या गड्याच्या सुरुवातीच्या फेऱ्यांचा वेग बघून पंच एकूण फेऱ्या ठरवतात, शेवटच्या फेरीला घंटा वाजते, आणि पहिला आला की बाकीचे जिथं असतील तिथून ती फेरी पुरी करून थांबतात. विजेत्यानं सात फेऱ्या मारल्या, मी पाच. स्थानिक शर्यतीत तुम्हाला कुणी बाहेर काढत नाही. मागून येणाऱ्यानं हाक दिली की रेषा न सोडता सरळ चालवत राहायचं. घाबरून बाजूला उडी मारलीत तर दोघंही पडता.

सुरुवातीला आधीच्या शर्यतींतल्या गुणांच्या क्रमानं नावं पुकारून रांगा लावतात. ज्यांना गुण नाहीत ते तळाला. आमच्या चिपळूण-संगमेश्वरकडे पावसाळ्यात नांगरणीच्या स्पर्धा होतात, तिथं घाटी बैलांचा गट वेगळा आणि गावठी बैलांचा वेगळा. इथं एकाच दाव्याला बांधतात, एवढाच फरक. पुढे कार्बनच्या सायकली, दाढ्या केलेल्या पोटऱ्या, ‘पिट’मध्ये, म्हणजे सायकल किंवा चाक बदलायच्या ठरलेल्या जागेत, सुटे चाक घेऊन उभे असलेले घरचे लोक. मागे आम्ही: एक माउंटन बाइकवाला, दोन नवखे, आणि मी. माउंटन बाइक चालते बरं का, फक्त हँडलच्या टोकांची शिंगं काढावी लागतात. तेव्हा पहिल्या शर्यतीसाठी सायकल विकत घेऊ नका. आहे ती न्या.

शिट्टी वाजल्यावर जीव खाऊन पॅडल मारायचं, हा सल्ला पुढच्या तीन रांगांसाठी आहे. मी तो पाळला आणि 150 मीटरवरच्या पहिल्या वळणावर जाऊन दादरच्या जिन्यावर उभं राहावं तसा उभा राहिलो. पुढची गर्दी वळणातून सुटेपर्यंत मागच्यांना वाट बघण्यावाचून इलाज नसतो. त्या वेळी एक पाय जमिनीवर टेकवून श्वास जमवा. घाई दुसऱ्या फेरीत कामाला येते.

आता हवा. माझ्या आयुष्यातली सगळ्यात स्वस्त सुधारणा. पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीतून उतरलेल्या एका सत्तरीच्या आजोबांनी माझं टायर अंगठ्यानं दाबलं आणि काही न बोलता नुसती मान हलवली. मी 40 पीएसआय भरून आलो होतो, रस्त्यावरच्या सवयीनं. त्यांनी व्हॉल्व्हवर नख ठेवून हवा सोडायला लावली, 26 पर्यंत. टायर असं मऊ पडलं की पंक्चरच झालंय म्हणावं. पण तिरप्या उतरणीवर ते गवताला धरून राहिलं, आणि शेजारचा माउंटन बाइकवाला माझ्यासमोर बर्फाच्या लादीसारखा घसरत गेला. माझं वजन 72 किलो, टायर 33 मिलिमीटर रुंद, ट्यूबलेस. तुम्ही ट्यूब वापरत असाल तर इतकं खाली जाऊ नका, मुळावर आपटून ट्यूब रिमच्या चिमटीत सापडते. सोबत हवा मोजायचं छोटं यंत्र ठेवा. पंपावरचा काटा इतक्या कमी दाबाला भरवशाचा नसतो.

चिखलाबद्दल मला गर्व होता. कोकणातला माणूस, चिखलणीत वाढलेला. पण आपला तांबडा चिखल पाण्यानं सुटतो. इथला काळपट, चिकट, गवत मिसळलेला. कणीक मळताना बोटांना चिकटते तसा ब्रेकच्या खाली, चेनच्या चक्रांत, बुटाच्या तळाशी बसतो. गंमत म्हणजे पाऊस चालू असताना तो पातळ असतो आणि बरा असतो. पाऊस थांबून तीन-चार तास झाले, सकाळच्या मुलांच्या आणि बायकांच्या शर्यतींनी तो मळून ठेवला, की खरा छळ सुरू. तिसऱ्या फेरीला सायकल उचलली तेव्हा ती सकाळच्या दुप्पट वाटली.

उचलायची कशी, ते सांगतो, कारण मी चुकीची उचलली. उजवा हात खालच्या दांड्याला घालायचा, सायकल वर खेचायची, वरचा दांडा खांद्यावर येऊ द्यायचा, मग तोच हात खालच्या दांड्याखालून पुढे नेऊन हँडलचं डावं टोक धरायचं. डावा हात मोकळा राहतो, तोल सांभाळायला. हे जमायचं तर बाटलीचा पिंजरा काढलेला हवा. माझा तसाच होता. पहिल्या चढावर तो बरगडीत घुसला आणि त्याची निळी खूण आठवडाभर राहिली. पन्नास मिनिटांत पाणी लागत नाही. शर्यतीआधी प्या आणि पिंजरा घरी ठेवा. भाताचा भारा खांद्यावर घ्यायची सवय असलेल्यांना बाकी काही शिकवायची गरज नाही. आईला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, “अरे, सायकल तुला वाहून नेते की तू तिला?”

फळ्यांपाशी उतरणं सोपं आहे: उजवा पाय मागून काढून डाव्या बाजूला आणायचा, फळी आली की डावा सोडायचा. अवघड आहे ते परत बसणं. पळता पळता उजवी मांडी सीटवर सरकवायची, सीटवर आदळायचं नाही. अनुभवी माणूस हे एका झेपेत करतो. नवखा आधी डाव्या पायावर एक छोटी दुडकी घेतो, मग उडी मारतो, आणि त्या दुडकीत सगळा वेग मरतो. मी तीन आठवडे संध्याकाळी घराजवळच्या मैदानावर वीस-वीस मिनिटं सराव केला. कुत्री फिरवायला आलेले लोक थांबून बघायचे. दुडकी अजून गेलेली नाही, पण शर्यतीत एकदाही सीटवर वाईट जागी आदळलो नाही. पुरुष वाचकांना याचं मोल वेगळं सांगायला नको. तयारीला एकच गोष्ट करायची असेल तर ही करा, दम वाढवायचं नंतर बघू.

चौथ्या फेरीला फळ्यांनंतर सायकल रागानं जमिनीवर टाकली आणि चेन उतरली. आपलीच चूक, सायकल ठेवायची असते, टाकायची नाही. हातमोजे काढून, चिखलात चेन शोधून, बसवेपर्यंत अकरा जण पुढे गेले. मी मोजले. दुरुस्ती बाजूला होऊन कुठंही करता येते, पण दुसरी सायकल किंवा चाक घ्यायचं असेल तर पिटपर्यंत ही ओढत न्यावी लागते. याच वेळी दोरीपलीकडची एक सात-आठ वर्षांची मुलगी गाईची घंटा माझ्या कानाशी वाजवत होती, तोंडानं सतत “पळ, पळ”. पळालो.

आता सामानाचं. मार्ग फक्त दोन शर्यतींच्या मधल्या वेळात बघायला मिळतो, म्हणून वेळापत्रक बघून दीड तास आधी पोचा आणि एक फेरी सावकाश मारा. तिथं उतरणं कुठं, चढणं कुठं हे ठरवून ठेवा. परवाना नसेल तर नोंदणीच्या वेळी एका दिवसाचा घेता येतो. हातमोज्यांचे दोन जोड. कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या, एक गाडीच्या सीटसाठी, एक कपड्यांसाठी. दहा लिटर पाण्याचा कॅन आणि भांडी घासायचा ब्रश, कारण पाण्याच्या फवाऱ्यापाशी रांग असते आणि जोरदार फवारा बेअरिंगवर मारला की ती बाद होतात. थर्मासमध्ये चहा. मी आलं ठेचून नेला होता. हवा सोडायला लावणाऱ्या आजोबांना अर्धा कप दिला, त्यांनी दुसरा मागून घेतला. शर्यत संपताच अंगातले ओले कपडे बदला, बक्षीस समारंभ नंतर. चारला अंधार पडतो आणि थंडी हाडात शिरते.

घरी बायकोनं मागच्या दारातच थांबवलं. “कपडे मशीनमध्ये टाकशील तर बघ. आधी बादलीत.” तीन बादल्यांनंतर पाणी तपकिरीचं करडं झालं. बुटांत वर्तमानपत्र कोंबून हीटरखाली ठेवले, दर दोन तासांनी कागद बदलला, तरी मंगळवारी आतून ओलेच.

पुढची शर्यत दोन रविवारांनी आहे, नोंदणी झाली. पिंजरा स्क्रूसकट डब्यात गेलाय. या खेपेला हवा 24 ठेवून बघणार.