एका यंत्राचा एक दिवस

स्केल मॉडेल, म्हणजे खऱ्या यंत्राची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती, बांधताना माझा एकच आग्रह असतो. ते मॉडेल एका विशिष्ट यंत्राचे आणि शक्यतो एका विशिष्ट दिवसाचे असले पाहिजे. नुसते ‘मिग-२१’ असे नाव लावलेले सर्वसाधारण विमान कपाटात ठेवण्यात मला रस नाही. ते कोणत्या स्क्वाड्रनचे, कोणत्या तळावरचे, त्या दिवशी त्याच्यावर कोणता रंग होता आणि पंखाखाली काय टांगलेले होते, हे ठरल्याखेरीज मी खोक्यातल्या फ्रेममधून पहिला भागसुद्धा कापत नाही. शिवाय मी फक्त भारतीय सैन्यदलांनी वापरलेली विमाने आणि वाहने बांधतो. हा नियम पाळणे वाटते त्यापेक्षा कठीण आहे, कारण बहुतेक किट, म्हणजे सुट्या भागांचे संच, जपान, ब्रिटन, चेक प्रजासत्ताक किंवा चीनमधून येतात आणि त्यांच्यासोबतची चिन्हे व रंगांचे तक्ते सहसा दुसऱ्याच देशांचे असतात.

नागपूर हे सीमेपासून शेकडो किलोमीटर दूर असलेले शहर आहे, पण या छंदाला ते फार मानवते. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय इथे वायुसेनानगरात आहे, गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र कामठीला आहे आणि अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना ‘पिनाका’ या रॉकेट प्रणालीची रॉकेटे बनवतो. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्री इथेच एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत परतत. त्या डाकोटा विमानांपैकी एक १/७२ प्रमाणात करायचे माझ्या मनात फार दिवसांपासून आहे. पण पंखांचा विस्तारच ४० सेंटिमीटर भरतो आणि कपाटात तेवढी जागा सध्या नाही.

माझा सर्वांत जास्त जीव जडला आहे तो नॅटवर. डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर या ब्रिटिश रचनाकाराचे हे चिमुकले लढाऊ विमान १९५५ साली प्रथम उडाले, ब्रिटिश हवाई दलाने त्याची एक आसनी लढाऊ आवृत्ती स्वीकारली नाही आणि भारताने मात्र बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्याचे उत्पादन सुरू केले. १९६५ च्या युद्धात त्याने पाकिस्तानच्या सेबर विमानांशी झुंज दिली. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या तळावर सेबर विमानांचा हल्ला चालू असतानाच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांनी ज्यातून उड्डाण केले, ते विमानही १८ व्या स्क्वाड्रनचे नॅटच होते. हवाई दलाच्या वाट्याला आलेले आजवरचे एकमेव परमवीर चक्र त्या लढतीचे आहे.

हे विमान बांधू पाहणाऱ्याची पहिली अडचण किटपासूनच सुरू होते. बाजारात सहज मिळणारे नॅट बहुधा टी-१ असते, म्हणजे ब्रिटनच्या ‘रेड ॲरोज’ पथकाने वापरलेले दोन आसनांचे प्रशिक्षण विमान. भारताचे नॅट एक आसनी होते. टी-१ ची लांबी ९.६८ मीटर आणि पंखांचा विस्तार ७.३२ मीटर आहे, तर लढाऊ नॅटचे हेच आकडे ८.७४ आणि ६.७३ मीटर आहेत. १/७२ प्रमाणात हा फरक दोन्ही बाजूंनी सुमारे एक सेंटिमीटरचा होतो, आणि जेमतेम १२ सेंटिमीटर लांबीच्या मॉडेलमध्ये एक सेंटिमीटर म्हणजे वेगळेच विमान. कॅनोपी (वैमानिकावरचे पारदर्शक झाकण) बदलून आणि मागचे आसन झाकून टी-१ ला भारतीय नॅट म्हणणे मला पटत नाही. एक आसनी नॅटचे योग्य किट शोधावे, मिळेपर्यंत वाट पाहावी, टपाल खर्च आणि सीमाशुल्क मिळून किंमत दुप्पट झाली तरी तेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर प्रश्न येतो रंगाचा. १९६५ मध्ये नॅट विमाने प्रामुख्याने चंदेरी होती. १९७१ पर्यंत त्यांच्यावर हिरव्या-तपकिरी छटांचे छद्मावरण आले होते, पण ते सर्वत्र एकसारखे नव्हते. युद्धाच्या धामधुमीत बरेचसे रंगकाम तळावरच, हाताशी असलेल्या साहित्याने झाले, त्यामुळे एकाच स्क्वाड्रनच्या दोन विमानांवरचे पट्टेसुद्धा जुळतीलच असे नाही. म्हणूनच ‘भारतीय नॅटचा रंग कोणता?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. उत्तर मिळते ते एका छायाचित्रातल्या एका विमानापुरते. जुनी छायाचित्रे कृष्णधवल असतात आणि त्यांत वर्तुळाकार चिन्हातले बाहेरचे केशरी कडे आणि मधला हिरवा ठिपका बऱ्याचदा सारख्याच करड्या छटेचे दिसतात. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात खरे नॅट उभे आहे. त्याच्याभोवती फिरून आकार, सांधे आणि चाकांच्या कप्प्यांचे तपशील टिपता येतात. रंगाच्या बाबतीत मात्र संग्रहालयातल्या विमानावर विसंबू नये, कारण असे विमान पुनःपुन्हा रंगवले जाते.

चिन्हांसाठी मी शक्यतो डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायची छापील चिन्हे, टाळतो. घरच्या इंकजेट छपाईयंत्राला पांढरा रंग छापता येत नाही, त्यामुळे पारदर्शक डेकल कागदावर छापलेले केशरी कडे गडद हिरव्या पृष्ठभागावर चिकटवले की जवळजवळ नाहीसे होते. त्यापेक्षा कंपास कटरने मास्किंग टेपची वर्तुळे कापावीत, आधी पांढरी तबकडी एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाने) मारून घ्यावी, तिच्यावर बाहेरचे केशरी आणि शेवटी मधले हिरवे द्यावे. लहान आकाराचे क्रमांक आणि इशाऱ्याच्या सूचना मात्र डेकलनेच कराव्या लागतात. जुनी, पिवळी पडलेली डेकलची शीट हाती आली तर नागपूरचे ऊन मदतीला धावते. शीट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवावी. एप्रिल-मेच्या उन्हात तिचा पिवळेपणा लक्षात येण्याइतका उतरतो. ही युक्ती जगभरचे मॉडेलकार वापरतात, पण आपल्याइतके भरवशाचे ऊन फार थोड्यांच्या वाट्याला येते.

हेच ऊन इतर बाबतींत छळते. तापमान ४५ अंशांच्या पुढे गेले की ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच वाळतो आणि पृष्ठभागावर पोचेपर्यंत त्याची भुकटी होते. त्यावर उपाय म्हणून रंगात रिटार्डर (वाळणे लांबवणारे द्रव्य) घालावा, हवेचा दाब थोडा कमी ठेवावा आणि काम सकाळी सहा ते आठच्या दरम्यान उरकावे. उन्हाळ्यात घरोघरी चालणारा कूलर हा दुसरा शत्रू. त्याची हवा थंड असते, पण दमट असते, आणि लॅकर या झटपट वाळणाऱ्या रंगाचा ओला थर दमट हवेत सुकला की त्याच्यावर दुधी साय धरते. मॉडेल रंगवायच्या खोलीत कूलर बंद, पंखाही बंद, एवढे पथ्य मी कसोशीने पाळतो. पावसाळ्यात लॅकरला हात लावत नाही; ते महिने कापणे, घासणे आणि सांधे भरणे यांसाठी राखून ठेवतो. चारशेपासून दोन हजार क्रमांकापर्यंतचे पॉलिश पेपर आणि पुट्टी गाड्यांच्या रंगाच्या दुकानांत मिळतात, त्यासाठी परदेशी साहित्याच्या मागे लागण्याची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्याविषयी माझे मत गेल्या काही वर्षांत पक्के झाले आहे. मॉडेलच्या पृष्ठभागावर पॅनेलच्या सांध्यांच्या रेषा कोरलेल्या असतात. त्यांत काळा वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, भरून त्या उठावदार करण्याची पद्धत सध्या सर्वत्र रूढ आहे. त्यामुळे छायाचित्र आकर्षक येते हे खरे, पण थोडा हिशेब करून पाहावा. मॉडेलवर ०.२ मिलिमीटर रुंद असलेली रेषा ७२ पटींनी मोठी केली तर जवळजवळ दीड सेंटिमीटर होते. दीड सेंटिमीटर रुंदीच्या काळ्या भेगा सर्वांगावर असलेले लढाऊ विमान कोणता वैमानिक उडवील? शिवाय १/७२ चे मॉडेल ३० सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरे विमान साडेएकवीस मीटरवरून पाहण्यासारखे आहे. तेवढ्या अंतरावरून बहुतेक सांधे पुसट होतात आणि रंगही किंचित फिका भासतो. म्हणून मी मूळ छटेत थोडा पांढरा किंवा पिवळसर रंग मिसळतो आणि वॉशसाठी मूळ रंगाचीच जरा गडद छटा वापरतो.

हा विचार माझ्यात रुजवला तो आमच्या वस्तीतल्या, हवाई दलातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालेल्या एका काकांनी. एका परदेशी मॉडेलकाराने केलेल्या, जागोजागी गंजलेल्या आणि तेलकट ओघळांनी भरलेल्या मिगचे छायाचित्र मी त्यांना मोठ्या कौतुकाने दाखवले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “अरे, या विमानाला कोणी माणूस नव्हता का? आम्ही रोज सकाळी विमान पुसायचो.” मग त्यांनी एकेक गोष्ट समजावून सांगितली. जे पॅनेल दररोज उघडते त्याच्या स्क्रूभोवतीचा आणि कडेचा रंग उडतो. जे वर्षातून एकदा उघडते त्याच्या कडेला ओरखडे येण्याचे कारण नाही. तोफ झाडल्यावर तिच्या तोंडापाशी काजळी धरते. नॅटच्या दोन्ही ३० मिलिमीटर तोफा इंजिनासाठी हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या बाहेरच्या बाजूंना असल्याने काजळीही तिथेच हवी. चढताना वैमानिकाचा बूट जिथे टेकतो तिथला रंग घासला जातो. म्हणजे विमानावरचा प्रत्येक डाग कोणाच्या तरी कामाचा असतो, आणि डाग नसलेली जागासुद्धा. ज्या शहरात विमानांची देखभाल हेच हवाई दलाचे मुख्य काम आहे, तिथे ही नजर देणारी माणसे भेटतात, हे मी माझे मोठे भाग्य समजतो. त्या दिवसापासून मी कोणताही ओघळ काढण्याआधी तो कोणत्या झडपेतून किंवा झाकणातून येतो हे शोधतो, आणि ते सापडले नाही तर ओघळ काढत नाही.

वाहनांच्या बाबतीत प्रमाण बदलते, १/३५ होते. या विचित्र आकड्यामागचे कारण मला फार आवडते: १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाड्याचे मोटरवर चालणारे मॉडेल काढले, तेव्हा मोटर आणि बॅटऱ्या आत मावतील असा आकार निवडला आणि पुढे तोच जगाने स्वीकारला. या प्रमाणात मी केलेले सर्वांत समाधान देणारे काम म्हणजे १०६ मिलिमीटर रिकॉइललेस (झाडताना मागे धक्का न देणारी) तोफ बसवलेली जीप. १० सप्टेंबर १९६५ रोजी असल उत्तरच्या लढाईत ४ ग्रेनेडिअर्सचे हवालदार अब्दुल हमीद अशाच जीपवरून पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांशी लढले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. जीप सुमारे ३.३ मीटर लांब आणि तोफ ३.४ मीटर. वाहनापेक्षा शस्त्र लांब, हे वाचून समजत नाही. दोन्ही भाग टेबलावर शेजारी ठेवले, तोफेचे तोंड पुढे निघालेले दिसले, की जीपवरच्या, आडोसा नसलेल्या चालकाची आणि तोफचीची अवस्था लख्ख कळते. खेमकरणच्या परिसरात उसाची शेते होती आणि जमीन पाण्याने भिजवलेली होती, म्हणून जीपच्या चाकांवर वाळलेली धूळ चालत नाही, ओला चिखलच हवा. अडीच मीटर उंचीचा ऊस १/३५ मध्ये सात सेंटिमीटर होतो, म्हणजे जीप त्यात पूर्ण लपते. त्या उसाची पाने मी पातळ कागदाच्या पट्ट्या कापून, मधोमध दुमडून आणि एकेक रंगवून केली.

रणगाड्यांची मापे प्रत्यक्ष पाहायची असतील तर अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय आपल्या राज्यातच आहे. मी तिथे सेंच्युरियनच्या साखळीच्या कड्या, वेल्डिंगचे सांधे आणि ओतीव पोलादाचा खडबडीत पोत यांचीच छायाचित्रे जास्त काढली. पूर्ण रणगाड्याची छायाचित्रे सगळीकडे मिळतात, पोताची मिळत नाहीत. ओतीव टरेटचा (रणगाड्याच्या वरच्या, तोफ असलेल्या फिरत्या बुरुजाचा) तो पोत साधण्यासाठी पुट्टी थिनरमध्ये पातळ करून जुन्या ब्रशने ठोकत लावावी आणि वाळल्यावर हलकेच घासावी.

सध्या टेबलावर स्टुअर्ट हा हलका रणगाडा आहे. १ नोव्हेंबर १९४८ रोजी ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीच्या झोजीला खिंडीत शिरले आणि शत्रूच्या मोर्च्यांवर तुटून पडले. एवढ्या उंचीवर रणगाडे येतील अशी शत्रूची कल्पनाच नव्हती. तो दिवस निवडणे साहजिक ठरले असते, पण मी त्याआधीचा प्रवास निवडला आहे. हे रणगाडे जम्मूहून श्रीनगरकडे गुप्तपणे नेले, तेव्हा त्यांचे टरेट उतरवून ठेवले होते. पुढे बालतालपासून खिंडीपर्यंतची वाट लष्कराच्या मद्रास सॅपर्स या अभियंता दलाने रणगाडे चढू शकतील इतकी रुंद केली. खिंडीतला विजय या वाहतुकीच्या कामावर उभा होता आणि ते काम मॉडेलमध्ये कोणी फारसे दाखवत नाही. टरेट नसल्यामुळे आतला लढण्याचा कप्पा उघडा पडणार आहे आणि किटमध्ये त्यातले फारसे काही दिलेले नाही. त्यामुळे आसने, दारूगोळ्याच्या मांडण्या आणि टरेटखालचे दातेरी कडे प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून कापून बनवणे चालू आहे. वरून टाकायच्या ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून पाहिला. १/३५ च्या मानाने त्याच्या घड्या योग्य पडतात. कप्प्याचा आतला पांढरा रंग दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत द्यायचा आहे.